डाग आणि सोल्डर : मोटारदुरुस्तीतील दोन शब्दांचा इतिहास

माढे तालुक्यातील टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील बाजारपेठेचे गाव होय. उजनी धरण तेथून जवळच आहे. अशा गावी, किंबहुना एकंदर मराठी मुलखात, धातू सांधण्याच्या एकाच क्रियेस दोन नावे आढळतात. गळक्या भांड्याला 'डाग' देतात. मोटारीची तुटलेली तार मात्र 'सोल्डर' करतात. दोहोंत कथील आणि शिसे हेच धातू वापरीत आले आहेत. मग नावे दोन का? इंग्रजीचा हव्यास हे उत्तर सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही.

या कामाची जुनी शब्दसंपत्ती समृद्ध आहे. 'झाळणे' हे क्रियापद ज्या 'झाळ' शब्दावरून आले त्याचे मूळ संस्कृत 'ज्वाला' शब्दात आहे. 'कल्हई' हा कथिलाच्या अरबी नावापासून आला. 'नवसागर' या शब्दात समुद्र भासतो. पण तो फारसी 'नौशादर'चा मराठी अवतार आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : मराठी कारागिराने वस्तूबरोबर तिचे नाव घेण्यात पूर्वीही संकोच केला नव्हता.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली. त्याच वर्षी फॅरडेने विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. मात्र त्या शोधाचे फळ मराठी शेतापर्यंत पोहोचण्यास शतकाहून अधिक काळ लागला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची वीजनिर्मिती सुरू झाली आणि १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. विहिरीवरील मोटेची जागा मोटारीने घेतली. या दोन शब्दांचे साम्य केवळ योगायोगाचे आहे. तथापि दुरुस्तीचा शब्द परका राहिला नाही : जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणे म्हणजे मोटार 'भरणे'. खाचा तारेने भरावयाच्या असतात, म्हणून हा शब्द यथार्थ आहे.

जेथे मराठी शब्द सहज सुचला तेथे तो आला. मग 'डाग' का मागे पडला? याचे कारण कामातच शोधावे लागते. भांड्याचा सांधा पाणी अडवितो, मोटारीचा सांधा वीज वाहतो. भांड्यावरील गंज काढण्यास नवसागर उपयोगी पडतो. परंतु तोच तारेवर राहिला तर ओल धरून तांबे खातो. म्हणून विजेच्या कामात राळ वापरतात.

हातातील ड्रिल मशीनची मोटार घरी उघडली असता हा भेद प्रत्यक्ष दिसतो. तिच्या आर्मेचरवरील तारांची टोके कम्यूटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांना जोडलेली असतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांस. परंतु ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांसच मऊ होऊ लागते. मशीनवर अतिरिक्त भार पडला की सांधा पाझरतो, फिरत्या आर्मेचरवरून धातू उडून जातो आणि ब्रशापाशी ठिणग्या पडतात. दुरुस्ती करताना तारेवरील रोगण खरवडावे लागते, राळ लावून सांधा झटपट तापवावा लागतो, आणि दोन पट्ट्यांमधील खाचेत धातूचा थेंब राहू देऊन चालत नाही; राहिल्यास त्या पट्ट्या एकमेकींस जोडल्या जातात. शिवाय मूळ गुंडाळीच जळाली असेल तर नव्या सांध्याने काहीच साधत नाही. भांड्याला जाड डाग शोभतो. येथे तोच दोष ठरतो.

तेव्हा 'सोल्डर' हा शब्द डागाची हकालपट्टी करून आलेला नसून एका निराळ्या शिस्तीची खूण म्हणून आला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. आज अनेक यंत्रांत हे सांधे कारखान्यातच उष्णतेने आणि दाबाने जोडले जातात, आणि स्टीलच्या भांड्यांनी कल्हईवाल्याचे कामही हिरावून घेतले आहे. त्यामुळे दोन्ही शब्दांखालील काम घराघरांतून उठत चालले आहे. शब्द कोशात राहील. परंतु राळ कोठे आणि नवसागर कोठे, हा विवेक कोशात नोंदलेला नसतो. तो हाताबरोबर चालतो आणि हातांबरोबरच जातो. अशा शब्दांची नोंद करताना अर्थाशेजारी कृतीही लिहून ठेवणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.