कॉर्दूआं दीपगृह

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील जीरोंद नदीमुखातील ऐतिहासिक दीपगृह. ते किनाऱ्यापासून सुमारे ७ किमी. अंतरावर एका खडकावर उभे आहे. येथील खडक व वाळूचे दांडे यांमुळे बोर्दो बंदराकडे जाणाऱ्या जहाजांना अपघात होत. चौदाव्या शतकात या ठिकाणी एक मनोरा होता व त्यावर अग्नी पेटविला जाई. सध्याच्या वास्तूचे काम ल्वी द फ्वा याने १५८४ मध्ये आरंभिले व ते १६११ मध्ये पूर्ण झाले. तीत राजाचे दालन व प्रार्थनामंदिर आहे. तथापि नाविकांच्या दृष्टीने प्रकाश किती दूर पोहोचतो, हेच महत्त्वाचे होते. त्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस झोझेफ तलेर या अभियंत्याने मनोरा उंच केला (सध्याची उंची सुमारे ६७ मी.). तरीही परावर्तकांत बराच प्रकाश वाया जाई. ही उणीव ऑग्युस्तीन फ्रेनेल या भौतिकीविज्ञाच्या भिंगाने दूर झाली. हे भिंग येथे १८२३ मध्ये प्रथम बसविण्यात आले. एकमध्य वलयांत मांडलेले त्याचे काचखंड दिव्याचा विखुरणारा प्रकाश वळवून समांतर शलाकेत एकवटत. पुढे ही पद्धती जगभर रूढ झाली. दीपगृहात १९४८ मध्ये वीज आली व २००६ मध्ये दिवा स्वयंचलित झाला. पांढरा, तांबडा व हिरवा प्रकाश ठराविक दिशांनाच दिसत असल्याने जहाजास आपले स्थान उमगते. युनेस्कोने २०२१ मध्ये दीपगृहाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.