कंबर मोजायची कशी? टेपपट्टीपासून मोबाइलपर्यंत

शिंपी कंबर मोजतो, ते सोपं आहे. पण दुखणारी कंबर कशी मोजायची? म्हणजे ती किती वाकते, किती वेळ टिकते, आणि मुख्य म्हणजे, त्या मोजमापाचा दुखण्याशी काही संबंध असतो का? गेली जवळपास दीडशे वर्षं डॉक्टर याच प्रश्नाशी झगडतायत. आजचा भाग त्या झगड्याचा.

सुरुवात करूया १८८० पासून. बेलग्रेडमध्ये लाझा लाझारेविच नावाचे एक डॉक्टर होते. गंमत म्हणजे सर्बियात आजही त्यांना कथालेखक म्हणून ओळखतात. पायात कळ जाणाऱ्या रुग्णांना ते पाठीवर झोपवायचे, गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू वर उचलायचे. एका ठरावीक कोनात रुग्ण कळवळायचा. लाझारेविच म्हणाले, मांडीमागची मोठी नस ताणली जाते म्हणून हे दुखतं. पण त्यांनी हे लिहिलं सर्बियन भाषेत. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, फ्रान्समध्ये फॉर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात हीच चाचणी मांडली आणि तिचं श्रेय आपल्या गुरूंना, लासेग यांना दिलं. जगभर नाव पडलं ‘लासेगची खूण’! आजही ऑर्थोपेडिककडे गेलात की पाय उचलून बघतात ना, ती हीच.

आता ही चाचणी नस दबली आहे का एवढंच सांगते. पाठ किती हलते, ते नाही. त्यासाठी १९३७ मध्ये जर्मन डॉक्टर शोबर यांनी अगदी घरगुती वाटेल असा उपाय काढला. उभं राहायचं. कंबरेच्या खालच्या टोकाशी पेनाने एक खूण, तिच्या वर बरोबर १० सेंटिमीटरवर दुसरी. मग वाकायचं. निरोगी पाठीत त्या दोन खुणांमधलं अंतर साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतं. १९६९ मध्ये मॅक्रे आणि राइट यांनी यात सुधारणा करून खालची खूण आणखी ५ सेंटिमीटर खाली नेली. एक टेपपट्टी, एक पेन, खर्च शून्य. मणक्याला ताठरपणा आणणाऱ्या संधिवातात ही चाचणी आजही वापरतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. शाळेत पीटीच्या तासाला सर म्हणायचे, ‘गुडघे न वाकवता अंगठे धर.’ जो धरायचा तो लवचीक. पण तेव्हा वाकते कोण? कंबर की खुबा? मांडीमागचे स्नायू सैल असले की ताठ पाठीचा माणूसही जमिनीला हात लावतो. शोबर यांची खरी हुशारी इथे होती: त्यांनी फक्त कंबरेचा भाग वेगळा काढून मोजला.

पुढचा प्रश्न ताकदीचा. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या बीअरिंग-सोरेनसेन यांनी लोकांना टेबलावर पालथं झोपवलं. पाय पट्ट्यांनी बांधलेले, कंबरेपासून वरचं धड टेबलाबाहेर अधांतरी, हात छातीवर. किती वेळ तग धरता? जास्तीत जास्त २४० सेकंद. मग वर्षभर त्यांचा मागोवा घेतला. पुरुषांमध्ये जे जास्त वेळ टिकले, त्यांना पहिल्यांदा कंबरदुखी होण्याची शक्यता कमी दिसली. म्हणजे नुसतं वाकणं नाही, टिकणंही महत्त्वाचं.

इथपर्यंत सगळं छान. पण घोळ पुढे आहे.

जुनाट कंबरदुखी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, मोजायला गेलं की आकडे आणि माणूस जुळेनात. कमी वाकणारा माणूस रोज शेतात जायचा, आणि चांगला वाकणारा घरी बसून असायचा. मग लोक यंत्राकडे वळले. एमआरआय आला. पण १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता! दुखत काहीच नव्हतं.

हे मला फार जवळून लागतं. माझ्या आईला पंचेचाळिशीत असाच ‘बल्ज’चा रिपोर्ट मिळाला आणि एका डॉक्टरांनी सांगून टाकलं, ‘आता वाकायचं नाही.’ तिची पाठ कोणी मोजली नाही, फिल्म फक्त बघितली. त्यानंतर दारातली रांगोळी बंद, नातीला उचलणं बंद. दुखणं कमी झालं नाही, आयुष्य मात्र आखडलं.

ग्लासगोचे हाडांचे सर्जन गॉर्डन वॅडेल यांनी १९८७ मध्ये नेमकं हेच मांडलं: पाठीची इजा, दुखणं आणि अपंगत्व या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी ठरवू नका. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६ प्रश्नांची प्रश्नावली केली. तिच्यात पाठ मोजलीच नव्हती, भीती मोजली होती. ‘हाललो तर आणखी बिघडेल’ ही भीती. आणि काम सुटण्याशी दुखण्याच्या तीव्रतेपेक्षा या भीतीचा संबंध जास्त घट्ट निघाला. त्याआधी १९८३ मध्ये रोलंड आणि मॉरिस यांनी २४ साधी वाक्यं दिली होती: जिना चढताना कठडा धरता का, मोजे घालायला त्रास होतो का. हो किंवा नाही. बस.

मग टेपपट्टी फेकून द्यायची का? नाही. हालचाल मोजायचीच, पण दोन वेगळे प्रश्न विचारून: पाठ काय करू शकते, आणि माणूस प्रत्यक्षात काय करतो? दुसऱ्या प्रश्नासाठी आज कमरेला लावायचे छोटे सेन्सर आहेत. पहिल्यासाठी तुमच्या खिशातला मोबाइलसुद्धा कोन मोजू शकतो, कारण त्यात कल ओळखणारा सेन्सर असतो. पण एक आकडा बघून घाबरू नका, आणि फुशारूही नका. आज ४० अंश, महिन्याने ५० अंश, आणि मधल्या काळात तुम्ही पुन्हा बाजारात चालत जायला लागलात का? हे तीन एकत्र वाचायचे.

एक सावधगिरी मात्र हवीच. पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, जांघेत बधिरपणा असेल, किंवा पाठदुखीसोबत ताप असेल, तर मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

बाकीच्यांसाठी एक काम. घरात कोणाची कंबर वर्षानुवर्षं दुखत असेल तर ‘किती दुखतं?’ हे आज विचारू नका. विचारा, ‘काय करायचं सोडलंस?’ उत्तर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्टकडे जाताना तो कागद रिपोर्टच्या वर ठेवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकताना बसून राहू नका, जरा फिरत ऐका!