मालगाडी आणि वाफेच्या इंजिनाचे फोटो काढायचेत? कुठे, कसे आणि कायदा काय सांगतो?

रेल्वेच्या इतिहासात ‘बोरी’ म्हटलं की आधी मुंबईचं बोरीबंदर आठवतं. १६ एप्रिल १८५३ रोजी १४ डबे आणि सुमारे ४०० प्रवासी घेऊन भारतातली पहिली प्रवासी रेल्वे तिथून ठाण्याला निघाली. ३४ किलोमीटरच्या त्या प्रवासासाठी साहिब, सिंध आणि सुलतान ही वाफेची तीन इंजिनं जोडली होती.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातही एक बोरी आहे. या बोरीत रेल्वे स्टेशन नाही. गाडी बघायची म्हटली तर परभणी किंवा सेलू गाठावं लागतं. तरीही मोबाइल हातात आल्यापासून गावोगावची पोरं रुळांच्या कडेला दिसू लागली आहेत. कुणाला लांबलचक मालगाडीचं रील हवं असतं, कुणाला इंजिनाचा नंबर टिपायचा असतो, तर कुणाला जुन्या वाफेच्या इंजिनाजवळ उभं राहून फोटो हवा असतो.

छंद छान आहे आणि खिशाला परवडणाराही आहे. मात्र जागा चुकली तर तो जिवावर बेतू शकतो आणि नियम चुकला तर पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकतो. म्हणून हा सगळा विषय एकदा नीट समजून घेऊ.

परभणीच्या रुळांवर असं काय आहे?

परभणी जंक्शन मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे. निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हा मार्ग सुरू झाला. तेव्हा तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर फक्त एक मीटर. परभणीहून एक फाटा गंगाखेडमार्गे परळीला जातो. जवळच्या पूर्णा जंक्शनवरून हिंगोली-अकोल्याकडे जाणारा मार्ग फुटतो.

या मीटरगेज रुळांवर एके काळी ‘वायपी’ आणि ‘वायजी’ वर्गाची वाफेची इंजिनं धावायची. पुढे डिझेल आलं. १९९० च्या दशकात मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला आणि अलीकडच्या वर्षांत रुळांवर विजेच्या तारा आल्या. एवढे बदल एका माणसाच्या हयातीत झाले. आज सत्तरीत असलेल्या परभणीकरांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, पण त्यांच्या घरात त्या काळच्या रेल्वेचा एखादा फोटो सापडणं कठीण. तेव्हा कॅमेरा फार थोड्यांकडे होता आणि रोज दिसणाऱ्या गाडीवर रोल खर्च करावा असं कुणाला वाटत नव्हतं.

आज रोज दिसणारी गाडीसुद्धा उद्या दिसेलच असं नाही. या छंदाचं खरं मोल त्यात आहे.

मालगाडी ओळखायची कशी?

आधी इंजिन बघा. त्याच्यावरची अक्षरं म्हणजे एक कोड आहे.

पहिलं अक्षर रुळांची रुंदी सांगतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज आणि एन म्हणजे दोन फुटी नॅरोगेज. दुसरं अक्षर इंजिन कशावर चालतं ते सांगतं. डी म्हणजे डिझेल आणि ए म्हणजे एसी वीज. वाफेच्या इंजिनाला हे अक्षर नसायचं. तिसरं अक्षर कामाचं. जी म्हणजे मालगाडी, पी म्हणजे प्रवासी गाडी, एम म्हणजे दोन्ही.

म्हणजे ‘डब्ल्यूएजी-९’ हे ब्रॉडगेजवरचं, विजेवर चालणारं, मालगाडीचं इंजिन. ‘डब्ल्यूडीजी-४’ हे तसंच, पण डिझेलवर चालणारं. मीटरगेजच्या ‘वायजी’मध्ये मधलं अक्षरच नाही, त्यावरून ते वाफेचं असल्याचं कळतं.

इंजिनाच्या अंगावर त्याच्या मूळ शेडचं नावही असतं. काझीपेठ, भुसावळ, अजनी असं नाव वाचलं की हे इंजिन कुठल्या घरचं आहे ते समजतं.

मग डबे. वर उघडे आणि कोळशाने भरलेले दिसले तर बहुतेक ‘बॉक्स-एन’. बंद पेटीसारखे डबे ‘बीसीएन’ कुटुंबातले, ज्यांतून धान्य, खत, सिमेंट जातं. आडव्या टाक्या म्हणजे ‘बीटीपीएन’, पेट्रोल-डिझेलसाठी. खालून माल ओतता येणारे ‘बॉबर’ डबे औष्णिक वीज केंद्रांना कोळसा पोचवण्यासाठी सोयीचे. परळीला औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे कोळशाची गाडी या भागाला नवी नाही.

प्रत्येक वॅगनवर ११ आकडी नंबर रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालकी असलेली रेल्वे, नंतरचे दोन बांधणीचं वर्ष, त्यापुढचे चार त्या वॅगनचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा आकडा तपासणीचा. पाचवा-सहावा आकडा १२ असेल तर वॅगन २०१२ ची. फोटोत हा नंबर स्पष्ट आला, तर तो फोटो माहितीचा कागदही ठरतो.

मालगाडीला वेळापत्रक नसतं, मग वाट कशी बघायची?

प्रवासी गाडीची वेळ ॲपवर दिसते. मालगाडीचं तसं नाही. माल भरला, मार्ग मोकळा मिळाला की ती सुटते. एक्स्प्रेसला पुढे काढण्यासाठी तिला लूप लाइनवर थांबवून ठेवतात.

त्यामुळे इथे संयम लागतो. स्टेशनवर सिग्नल लाल सोडून दुसऱ्या रंगाचा झाला किंवा फाटक बंद झालं, तर काहीतरी येतंय हे नक्की. एखादी मालगाडी लूप लाइनवर उभी असेल, तर प्लॅटफॉर्मवरून निवांत फोटो काढायला तीच संधी. गाडी गेल्यावर शेवटचा डबाही टिपा. त्याच्यामागे ‘एलव्ही’ अशी पाटी असते. गाडी अर्धवट तुटून मागे राहिलेली नाही, याची ती खूण. त्या डब्यातल्या गार्डला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात.

मोबाइलवर चांगला फोटो कसा येतो?

सूर्य पाठीशी ठेवा. गाडीची जी बाजू तुमच्याकडे आहे तिच्यावर ऊन पडायला हवं. सकाळचं पहिलं ऊन आणि संध्याकाळचं शेवटचं ऊन सगळ्यात चांगलं. मराठवाड्यातल्या दुपारच्या उन्हात इंजिनाचा खालचा भाग काळाठिक्कर येतो आणि लांबची गाडी हवेच्या लाटांमुळे थरथरताना दिसते.

धावती गाडी स्थिर दिसायला हवी असेल, तर शटर स्पीड १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. वेग दाखवायचा असेल तर १/३० ते १/६० सेकंद ठेवून मोबाइल गाडीबरोबर सरकवत न्या. इंजिन स्पष्ट येतं आणि मागची झाडं पुसट होतात. ही युक्ती पहिल्या दहा प्रयत्नांत जमत नाही, पण जमली की मजा येते.

फार जवळून काढलेल्या फोटोत जोरात जाणारी गाडी तिरकी झाल्यासारखी दिसते. मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम न घेता ओळीओळीने घेतो, म्हणून असं होतं. लांब उभं राहून थोडा झूम वापरला की हा दोष कमी होतो. म्हणजे सुरक्षित अंतर ठेवणाऱ्याचाच फोटो चांगला येतो.

वळणावर, उड्डाणपुलावरून किंवा पादचारी पुलावरून पूर्ण गाडी एका चौकटीत मावते. मालगाडी अर्धा किलोमीटरहून लांब असू शकते, त्यामुळे उंच जागेचा फायदा होतो.

वाफेचं इंजिन आता कुठे बघायला मिळतं?

भारतात ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झालं. त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. १९९० च्या दशकात वाफेची इंजिनं नियमित सेवेतून गेली. आता दार्जिलिंग आणि निलगिरी या डोंगरी रेल्वेंवर वाफेचं इंजिन अजून गाडी ओढताना दिसतं. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जुनी इंजिनं चालू अवस्थेत जपली आहेत. १८५५ सालचं ‘फेअरी क्वीन’ तर जगातल्या सर्वांत जुन्या चालत्या इंजिनांमध्ये गणलं गेलं.

महाराष्ट्रात बहुतेक इंजिनं उभी आहेत, धावत नाहीत. १९०७ मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचं जुनं जर्मन बनावटीचं इंजिन नेरळला बघता येतं. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे छोट्या प्रतिकृती चालतात, मुलांना घेऊन जायला छान.

आणि विदर्भाची शकुंतला. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ही गाडी १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं इंजिन सत्तर वर्षं ओढत होतं. १९९४ मध्ये ते थांबलं आणि डिझेल आलं. आता गाडीही बंद आहे. तिच्याबद्दल आज जे काही बघायला मिळतं, त्यात कुणीतरी वेळेत काढून ठेवलेल्या फोटोंचा वाटा मोठा आहे.

वाफेच्या इंजिनाचा फोटो वेगळा का असतो?

खरी वाफ दिसत नाही. आपल्याला पांढरं दिसतं ते थंड हवेत वाफेचे झालेले बारीक थेंब. म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी पांढरे लोट भरगच्च येतात आणि उन्हाळ्यातल्या दुपारी तेच इंजिन रिकामं वाटतं. चढावर इंजिन जास्त जोर लावतं, त्यामुळे धूरही जास्त.

‘छुक छुक’ आवाजालाही कारण आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन ढकलून झालेली वाफ चिमणीतून बाहेर फेकली जाते. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार फुत्कार होतात.

काळ्या इंजिनाचा फोटो काढताना मोबाइल गोंधळतो आणि चित्र जास्त उजळ करतो. मग पांढरी वाफ फाटल्यासारखी येते. स्क्रीनवर वाफेच्या भागावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा. उभ्या इंजिनाचा फोटो काढताना फक्त तोंड घेऊ नका. चाकांची रचना, बांधणीची पाटी आणि केबिनमधली उपकरणंही घ्या.

यात धोका नेमका कुठे आहे?

ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, पण प्रवासी डबा साधारण ३,२५० मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे डबा प्रत्येक रुळाच्या बाहेर सुमारे पाऊण मीटर येतो. ‘मी रुळाच्या बाहेर उभा होतो’ हे सुरक्षित असण्यासाठी पुरेसं नाही.

ताशी ७५ किलोमीटरने येणारी मालगाडी पाच सेकंदांत १०० मीटरहून जास्त पुढे येते. भरलेल्या गाडीला ब्रेक लावला तरी थांबायला साधारण एक किलोमीटर लागू शकतो. लोको पायलटला तुम्ही दिसलात, तरी तो हॉर्न वाजवण्यापलीकडे फार काही करू शकत नाही.

सगळ्यात नवा धोका डोक्यावर आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. तिला हात लागायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी मारते. दोन मीटरच्या आत कुणी जाऊ नये, असा नियम आहे. उभ्या मालगाडीवर चढून सेल्फी काढणारी मुलं याच कारणाने जळून जातात. डिझेलच्या काळात पोरं वॅगनवर चढून खाली उतरायची आणि काही व्हायचं नाही. मोठ्यांनी सांगितलेले ते किस्से आता खरे धरू नका. पुलावरून सेल्फी स्टिक तारेकडे नेणंही तितकंच घातक.

कायदा काय सांगतो?

रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरण्याबद्दल आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रुळांवर दगड, नाणी किंवा मोबाइल ठेवून रील करणं आणखी महागात पडू शकतं. प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल कलम १५३ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

स्टेशनवर जायचं तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा. ते दोन तास चालतं. मालधक्का, यार्ड, शेड आणि सिग्नल केबिन या जागा परवानगीशिवाय वर्ज्य. मोठा कॅमेरा किंवा ट्रायपॉड असेल, तर स्टेशन मास्तरांना आधी विचारलेलं बरं. आरपीएफच्या जवानाने हटकलं, तर वाद न घालता ओळखपत्र दाखवा आणि काय करताय ते सांगा. व्यावसायिक चित्रीकरणाला विभागीय रेल्वेच्या जनसंपर्क खात्याची परवानगी लागते. परभणी दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं आणि या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला आहे.

फोटो काढला, पुढे काय?

फोटोसोबत चार गोष्टी लिहून ठेवा. तारीख, ठिकाण, इंजिनाचा वर्ग आणि नंबर, गाडी कुठल्या दिशेला चालली होती. सोशल मीडियावर टाकलेला फोटो दाबला जाऊन लहान होतो, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा. घरातल्या आजोबा-काकांकडे जुना रेल्वेचा फोटो असेल, तर तोही स्कॅन करून त्यांच्या आठवणीसह लिहून ठेवा.

बोरीहून परभणीला बाजाराला किंवा कॉलेजला जाणाऱ्याला हे सहज जमण्यासारखं आहे. प्लॅटफॉर्मवर, पिवळ्या पट्टीच्या मागे, सकाळचा अर्धा तास पुरतो.