इंदूर पद्धतीचे दुसरे नाव

सेंद्रिय शेतीवरचे इंग्रजी पुस्तक उघडले, मग ते लंडनला छापलेले असो की पेनसिल्व्हेनियात, पहिल्या दोन-तीन प्रकरणांत इंदूरचे नाव बहुधा भेटतेच. ‘इंदूर पद्धत’ हा शब्द त्या शास्त्रात इतका रुळला आहे, की इंदूर हे होळकरांच्या राजधानीचे शहर होते हे ज्यांच्या गावीही नाही असे बागाईतदारही तो बिनदिक्कत वापरतात. आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना इंदूरचा इतिहास म्हटला, की मल्हारराव, अहिल्याबाई, राजवाडा आणि दरबारी गवई आठवतात. खताचा खड्डा आठवत नाही, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु या शहराचे नाव विज्ञानाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले ते शेणामुतामुळे आणि काडीकचऱ्यामुळे. त्या संशोधनाच्या मूळ ग्रंथावर लेखक म्हणून दोन नावे आहेत. त्यांतले एक जगाने लक्षात ठेवले. दुसरे आमचे होते.

हा ग्रंथ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने १९३१ साली प्रसिद्ध केला. शेतीतील टाकाऊ पदार्थ आणि ह्यूमस म्हणून त्यांचा उपयोग, असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. लेखक अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड, एम. एस्‌सी. हॉवर्ड हे इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ या संस्थेचे संचालक, तर वाड हे तिथल्या रसायन विभागाचे मुख्य सहाय्यक. साहेब आणि त्याचा देशी सहाय्यक यांची नावे एकाच ग्रंथावर लेखक म्हणून यावीत, ही गोष्ट त्या काळी सर्रास घडणारी नव्हती. सहाय्यकाचे आभार प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात मानायचे, अशीच रीत होती. ती मोडण्याचे श्रेय हॉवर्ड यांना दिलेच पाहिजे.

हॉवर्ड १८७३ साली इंग्लंडातील श्रॉपशर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात जन्मले. १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील सरकारी शेती संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि जवळजवळ वीस वर्षे तेथे राहिले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक होत्या. ‘पुसा’ या नावाने प्रसिद्ध झालेले गव्हाचे वाण या दोघांच्या मेहनतीतून आले. मात्र पुसाच्या कामाच्या रीतीला हॉवर्ड कंटाळले होते. बुरशीचा अभ्यास एका खात्यात, किडीचा दुसऱ्यात, मातीचा तिसऱ्यात; पीक मात्र या सर्व खात्यांना एकाच वेळी तोंड देत शेतात उभे. ज्या संशोधकाच्या स्वतःच्या हाती जमीन नाही आणि आपला सल्ला आधी आपल्याच शेतावर पडताळून पाहण्याची सोय नाही, तो शेतकऱ्याला काय सांगणार, असा त्यांचा सवाल होता. आजही विद्यापीठांतून आंतरशाखीय संशोधनाच्या घोषणा होत असतात. त्या ऐकताना आम्हांला हॉवर्ड यांची ही तक्रार आठवते.

अशी जमीन त्यांना इंदूरने दिली. १९२४ साली, तिसरे तुकोजीराव गादीवर असताना, कापूस समितीच्या अनुदानातून आणि मध्य भारतातील संस्थानांच्या वर्गणीतून ही संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने तिला तीनशे एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. याच दरबाराने काही वर्षे आधी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावून शहराचा आराखडा करून घेतला होता. गेडिस यांचा अहवाल १९१८ साली निघाला. प्लेगने गांजलेल्या शहरात त्यांनी दिवाळीच्या निमित्ताने स्वच्छतेची मिरवणूक काढली आणि तीत सफाई कामगारांना मानाचे स्थान दिले. घाणीकडे शिसारीने न पाहता विचारपूर्वक पाहण्याची सवय या शहराला अशी आधीच लागलेली होती. संस्थानांचा इतिहास लिहिताना शिकारी, हत्ती आणि हिरेमाणके यांवर आपण पुष्कळ शाई खर्च करतो. तीनशे एकरांच्या या पट्ट्यावरही थोडी खर्च व्हायला हवी.

काळ्या जमिनीचा शेतकरी ज्या अडचणीत होता ती आमच्या वाचकांच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली. निम्मे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाई. गुरांचे मूत गोठ्याच्या जमिनीत जिरून वाया जाई. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळायच्या, कारण त्या कुजायला वर्षे लागत. आणि उरलेसुरले जे उकिरड्यावर पडे ते पावसात वाहून जाई किंवा उन्हात करपून जाई. रासायनिक खत विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. तेव्हा शेतावर जे आहे त्यातूनच, विकतचे काही न आणता, तीन महिन्यांत खत कसे करावे हा प्रश्न होता. चीनमधील शेतकरी हजारो वर्षे असेच काही करीत आले आहेत, हे अमेरिकेतील एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या पुस्तकामुळे हॉवर्ड यांना ठाऊक होते.

इंदूरला जी रीत बसवली गेली ती वर्णनाला सोपी वाटते. पऱ्हाट्यांसारखा टणक माल आधी शेतातल्या गाडीवाटेवर पसरायचा, म्हणजे चाकांखाली आणि खुरांखाली तो ठेचला जातो. मग तो इतर काडीकचऱ्यात मिसळून गोठ्यात गुरांखाली अंथरायचा. गोठ्याची जमीन फरसबंद न करता मातीचीच ठेवायची. मूत मुरलेली ती माती ठरावीक काळाने खणून, कुटून वापरायची आणि तिच्या जागी नवी भरायची. सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल अशा खड्ड्यात काडीकचरा, शेण, मुताची माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे, पण तुडवायचे नाही, कारण आत हवा खेळली पाहिजे. पहिल्या दिवसांत ढीग ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. साधारण सोळा दिवसांनी, मग महिन्याने आणि दोन महिन्यांनी, अशी तीनदा उलथापालथ करायची. नव्वद दिवसांत काळे, भुसभुशीत, दुर्गंध नसलेले खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा ढीग जमिनीवरच रचायचे. वर्षाकाठी हजारभर गाड्या खत या संस्थेच्या शेतावर निघत असे.

यांतली प्रत्येक क्रिया कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याला आधीपासून येत होती. नवीन होते ते त्यामागचे गणित, आणि येथे रसायनाचा विभाग महत्त्वाचा ठरतो. कचरा कुजवतात ते जिवाणू आणि बुरशी. त्यांना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि शरीर बांधण्यासाठी नत्र. नुसत्या वाळल्या काडात कर्ब भरमसाट आणि नत्र नाममात्र. असे काड तसेच जमिनीत गाडले, तर कुजवणारे जीव आपली नत्राची भूक मातीतून भागवतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. उलट शेणामुताचा भार जास्त झाला तर जादा नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते. म्हणून सुरुवातीला एक भाग नत्रास सुमारे तेहतीस भाग कर्ब असे मिश्रण साधायचे. कुजण्याच्या शेवटी हे प्रमाण दहास एकच्या आसपास येते. ढिगातून नमुने काढून, वाळवून, तोलून, नत्राची मोजदाद पुनःपुन्हा केल्याखेरीज हे आकडे हाती येत नाहीत. हे काम दिमाखाचे नाही. त्याला प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे बसावे लागते. वाड ज्या विभागाचे मुख्य सहाय्यक होते त्याचे हेच काम. ‘इंदूर पद्धत’ म्हणजे शेतकऱ्याचा उकिरडा अधिक हे मोजमाप. मोजमाप वगळले तर उकिरडाच उरतो.

हॉवर्ड १९३१ साली निवृत्त होऊन मायदेशी गेले. गॅब्रिएल यांचे त्याआधीच, १९३० साली, निधन झाले होते. वाड यांचे काम मात्र पुढे चालू राहिले, आणि आमच्या मते त्यातला अधिक धाडसाचा भाग यानंतरचा आहे. १९३४ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एफ. के. जॅक्सन आणि वाय. डी. वाड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता वस्तीतील मैला आणि केरकचरा यांची इंदूर पद्धतीने आरोग्यदायी विल्हेवाट. सोनखताचा उपयोग आपल्याकडे नवा नव्हता. पण माश्या, दुर्गंधी आणि पटकी-हगवणीची भीती त्याच्या मागे लागलेली. केरात मैल्याचे पातळ थर देऊन ढीग नीट रचला, तर आतली उष्णता माश्यांच्या अळ्या आणि रोगजंतू यांचा नाश करते, ही या प्रयोगांची मेख. इंदूर शहर, रेसिडेन्सी आणि माळवा भिल्ल कोअर या ठिकाणी हे काम झाले. शेतीचा रसायनशास्त्रज्ञ वैद्यकीय नियतकालिकात लिहितो, आणि विषय असा, की ज्याला स्पर्श करणाऱ्या माणसालाच समाजाने अस्पृश्य ठरवले होते. एम. एस्‌सी. झालेल्या पांढरपेशा मराठी गृहस्थाने हा विषय हाती घ्यावा, याचे मोल त्या काळाच्या मापाने करावे लागेल. पुढच्याच वर्षी गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले असता या संस्थेत गेले आणि ‘हरिजन’मधून त्यांनी इंदूरच्या खताची माहिती वाचकांपुढे ठेवली.

मग नाव गळाले कुठे? हॉवर्ड यांना १९३४ साली ‘सर’ किताब मिळाला. १९४० साली त्यांचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ निघाले आणि जगभर वाचले गेले. पद्धतीला इंदूरचे नाव का दिले ते त्यांनी त्यात सांगितले आहे: होळकर दरबाराने आपले काम सुकर केले, त्याची ही कृतज्ञ आठवण. वाड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथाचा उल्लेखही त्यात आहे. परंतु नवे पुस्तक एकट्याचे होते, ओघवते होते, आणि जुने आकडेवारीचे. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले. इंग्लंडात १९४६ साली सॉइल असोसिएशन स्थापन झाली. या दोन्ही चळवळींनी हॉवर्ड यांना आद्य पुरुष मानले आणि आद्य पुरुषाला सहलेखक नसतो. आपल्याकडच्या लिखाणातही वाड क्वचितच दिसतात. येथे एक पक्ष सर्व श्रेय साहेबाला देतो, तर दुसरा ‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ म्हणून मोकळा होतो. दोन्ही पक्षांच्या कथनात प्रयोगशाळेत नत्र मोजणाऱ्या देशी शास्त्रज्ञाला जागाच राहत नाही.

त्या संशोधनाचे आजच्या विज्ञानाने काय केले, हेही पाहिले पाहिजे. कर्ब-नत्र प्रमाणाचा पाया पक्का निघाला. आजची पाठ्यपुस्तकेही पंचवीस-तीसास एक याच्या आसपासच सांगतात. ग्रंथाच्या शीर्षकातील ‘ह्यूमस’ मात्र अडचणीत आला आहे. योहानेस लेमन आणि मार्कस क्लेबर यांनी २०१५ साली ‘नेचर’मध्ये असे मांडले, की ह्यूमस म्हणून वेगळे, टिकाऊ द्रव्य मातीत तयार होते हा समजच सदोष आहे. मातीत असतात ते कुजण्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांवरचे, खनिजकणांना चिकटून राहिलेले सेंद्रिय पदार्थ. दुसरीकडे, इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगातील जमिनींची सूक्ष्म छायाचित्रे आणि जिवाणूंचा जनुकीय अभ्यास यांवरून २०२० साली दिसून आले, की शेणखत मिळालेल्या मातीत हवापाणी खेळवणारी सच्छिद्रता अधिक चांगली असते आणि ती घडवण्यात जिवाणूंचा हात असतो. ह्यूमसयुक्त जमिनीतल्या पिकाला आणि त्यावर पोसलेल्या गुरांना रोग शिवतच नाही, हे हॉवर्ड यांचे म्हणणे मात्र त्या रूपात सिद्ध झालेले नाही. मुळे कुजवणाऱ्या काही बुरशींना चांगले कंपोस्ट आवरते, इतके दाखवता आले आहे. हॉवर्ड यांचा हा आग्रह उत्तरायुष्यात वाढत गेला. १९३१ च्या ग्रंथाचे बळ मोजमापात होते आणि टिकले तेही तेच.

पद्धतीची पुढची पिढी देशातच वाढली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ साली उलथापालथीचे श्रम वाचवणारी ‘बंगळूर पद्धत’ बसवली. विदर्भात पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात खत करण्याची रीत काढली. त्यांच्या नावातील अक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून गावोगाव गेली. आता तो माणूस होता हे विसरून लोक नाडेप हा कुठला तरी सरकारी शब्द समजतात, हा भाग वेगळा.

खुद्द इंदुरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन कचरा घेऊन १७ हजार किलो सीएनजी आणि शंभर टन खत, अशी त्याची नियोजित क्षमता. तेथील कुजणे हवाबंद टाक्यांत होते, म्हणजे हॉवर्ड आणि वाड ढिगात जे होऊ नये म्हणून झटत होते, ते तेथे मुद्दाम घडवून आणतात, कारण मिथेन वायू त्यातूनच मिळतो. देवगुराडियाच्या बाजूला जाणे झाले तर वाचकांनी तो अवश्य पाहावा. आणि ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी प्लँट इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी केली अशी कुटुंबे इंदूर, उज्जैन, देवास येथे आहेत. त्यांच्याकडे त्या काळची छायाचित्रे, पत्रे, संस्थेचे वार्षिक अहवाल किंवा वाड यांच्याविषयीच्या आठवणी असतील, तर त्यांनी त्या मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. नकला करून मूळ कागद परत केले जातील.