शरण आलेला राक्षस

आम्ही इंदूरचे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि दसऱ्याला रावण जाळायला सगळे एकाच मैदानावर. पण आज सांगतोय ती गोष्ट अमेरिकेतली. 1987 साली मी तिथे शिकायला होतो आणि शनिवारी रात्री आम्ही पाच-सहा जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि घाव बसला की नाही ते फासे ठरवतात.

एकदा आमच्यापुढे राक्षस आला. नावच ‘राक्षस’! 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो आहे, मूळ गाव हिंदुस्थान. चित्रात वाघाचं तोंड, अंगात झोकदार कोट आणि तोंडात पाइप. धर्मगुरूने मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की खलास. (हा उपाय आपल्या पुराणातला नाही, एका अमेरिकी टीव्ही मालिकेतला.) आमच्या राक्षसाने हात वर केले, म्हणाला शरण आलो. बाण माझ्याकडे होता. मी थांबलो, तर बाकीचे म्हणाले, “पुस्तक बघ ना, दुष्ट लिहिलंय. शिवाय हे रूप बदलून फसवतात.” मी फासे टाकले. राक्षस मेला, टाळ्या पडल्या.

खोलीवर आलो आणि बिभीषण आठवला. तोही राक्षसच, तोही शरण आलेला, आणि तेव्हाही सुग्रीव हेच म्हणत होता की हा फसवायला आलाय. रामाने ऐकलं नाही. मी ऐकलं.

मग हे प्रकरण आलं कुठून, ते शोधत बसलो. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा पात्राला तीनच बाजू होत्या : सुव्यवस्था, बेबंदपणा आणि मधली तटस्थता. कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतली. तिथे बाजू म्हणजे लढाईतला पक्ष. कोण भला हा प्रश्न जरा वेगळा. चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष गायगॅक्सने 1976 च्या एका लेखात मांडला, आणि 1978 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये दोन अक्षांची मिळून नऊ घरं झाली. राक्षसाचं घर ठरलेलं : नियम पाळणारा, पण दुष्ट.

तेव्हा मला वाटायचं, चूक इथेच आहे, चांगलं-वाईट असं मोजता येतं हे मानण्यात. आता तसं वाटत नाही. त्या जगात देव खरेच आहेत, नरक खराच आहे, दुष्टपणा शोधणारा मंत्रसुद्धा आहे. तिथे ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून कसं चालेल? आपल्या पुराणांतही अधर्म हा अधर्मच. सीतेला पळवणं हा काही दृष्टिकोनाचा प्रश्न नव्हे.

पण तो मंत्रच बघा. 1974 मध्ये तो दुष्ट विचार किंवा हेतू शोधायचा. 2014 च्या आवृत्तीत तो समोर सैतान आहे, भूत आहे की देवदूत, एवढंच सांगतो. माणूस कितीही नीच असला तरी त्यातून निसटतो! हेतू मोजायचं सोडून जात मोजायला लागले, आणि माझं भांडण इथे आहे. प्रल्हाद कोणाचा मुलगा? दिवाळीत पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो तो बळी कोण? असुरच ना! आमच्या माळव्यात तर मंदसौरला रावण जावई. मंदोदरीचं ते माहेर मानतात. खानपुऱ्यातल्या त्याच्या पुतळ्यासमोर बायका डोक्यावरून पदर ओढतात. म्हणून तो केलेल्या पापातून सुटला असं कोणी म्हणत नाही.

2020 मध्ये खेळाच्या कंपनीनेही कबूल केलं की ऑर्क आणि ड्रो यांना सरसकट दुष्ट रंगवणं बरोबर नव्हतं. बरीच वर्षं लागली म्हणायची.

हल्ली माझा मुलगा मित्रांना जमवून इंदूरच्या घरी हाच खेळ चालवतो. मागच्या महिन्यात त्याने राक्षस आणला. माझी आई, वय 88, बाजूला शेंगा सोलत बसली होती. पोरं बाण काढायला लागली तशी ती म्हणाली, “अरे, आधी त्याला विचारा तरी, काय केलंस बाबा तू?”

मुलाने फासे बाजूला ठेवले आणि राक्षसाच्या आवाजात उत्तर द्यायला सुरुवात केली. जेवणं साडेदहाला झाली.