कल्याण कॅम्प आणि मुंब्रा

आपल्या ठाणे जिल्ह्यात ‘कल्याण’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक गावाचे नाव आणि दुसरा सरकारी कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा, समाजकल्याण, बालकल्याण वगैरे. गरिबाच्या घरावर, पाण्यावर, शाळेवर आणि दवाखान्यावर पैसा घातला तर मुलूख भरभराटीला येतो, की आधी उद्योग आणि व्यापार वाढू द्यावा व मग उरल्यासुरल्या पैशातून कल्याण करावे, हा वाद जुना आहे. २०१३ साली अमर्त्य सेन आणि जगदीश भगवती या दोन अर्थतज्ज्ञांमध्ये तो जाहीरपणे रंगला. एका बाजूने केरळचा दाखला दिला जाई, दुसऱ्या बाजूने गुजरातचा. आम्हाला इतक्या दूर जाण्याची गरज वाटत नाही. ठाण्याहून कर्जतची लोकल पकडली की या वादातले दोन्ही पक्ष खिडकीतून दिसतात.

इतिहासाने प्रथम दुसऱ्या पक्षाच्या बाजूने साक्ष दिली आहे हे कबूल करायला हवे. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची, सोनार-लोहारांची नावे आहेत. कुणी पाण्याची पोढी खोदून दिली, कुणी वाट बांधून दिली. म्हणजे आधी व्यापार, मग दानधर्म. पण त्याच काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात अशीही नोंद आहे की, राज्यकर्ता बदलला आणि कल्याणला येणारी परदेशी गलबते पहाऱ्यात भडोचला पाठवली जाऊ लागली. व्यापाऱ्याची हुशारी तीच, माल तोच; सरकारची मर्जी फिरली आणि बंदर बसले. ही गोष्ट आम्हाला पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि १ मे १८५४ रोजी ठाणे ते कल्याण आगगाडी धावली, तीही कल्याणच्या कुणा शेटजीने आणली नव्हती. डोंबिवलीचा मध्यमवर्ग आपल्या कष्टाने वर आला यात शंका नाही, पण त्या कष्टांच्या खाली रूळ आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. दोन हजारांहून अधिक बराकी आणि हजारावर लहान घरे. युद्ध संपले, छावणी ओस पडली. मग फाळणी झाली आणि सिंधमधून उखडून आलेली माणसे या बराकींत आणून सोडण्यात आली. त्यांची संख्या नव्वद हजारांच्या वर होती. बराकींच्या लांबलचक दालनांत पोत्यांचे आणि चादरींचे पडदे टांगून एकेका कुटुंबाने आपला कोपरा केला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नावात ‘उल्हास’ असला तरी तो नदीचा. तेथील माणसांचे हाल पुष्कळ झाले.

परंतु सरकार तेथे होते. छप्पर होते, रेशन होते, शाळा आणि दवाखाने सुरू झाले. १९५४ साली निर्वासितांना नुकसानभरपाई व पुनर्वसन देणारा कायदा झाला आणि पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांपोटी माणसे बराकींतल्या त्या खोल्यांची कायदेशीर मालक झाली. आमच्या मते सारे मर्म येथे आहे. रेशन खाऊन माणूस जगतो, पण घराच्या कागदावर कर्ज मिळते, दुकान निघते, मुलाला कॉलेजात धाडता येते. १९६१ मध्ये तलरेजा कॉलेज आणि १९६५ मध्ये चांदीबाई कॉलेज उभे राहिले. ती समाजाने उभी केली, पण पाय टेकायला जागा मिळाल्यानंतर. पुढे उल्हासनगरचा कापडबाजार आणि फर्निचरबाजार सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या लहानपणी सर्रास ऐकू येई. त्यात थट्टा होती, तसा थोडा हेवाही होता.

त्या भरपाईच्या निधीत पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांची येथे राहिलेली मालमत्ताही जमा धरली होती. जे गेले नाहीत त्यांच्याही मनात ‘कस्टोडियन’ या शब्दाची धास्ती बरीच वर्षे होती. घरातली वडीलधारी माणसे हा शब्द हळू आवाजात उच्चारत. हे सांगताना सिंधी बांधवांविषयी आमच्या मनात किंतु नाही. घर सोडून येणाऱ्याला घर मिळालेच पाहिजे. आमचा मुद्दा एवढाच की ते त्यांना मिळाले.

यावर कुणी म्हणेल, सिंधी मूळचेच व्यापारी, सरकारने काही दिले नसते तरी वर आले असते. अंशतः खरे आहे. नुसत्या सरकारी पैशाने काय होते याचा धडा दंडकारण्याने दिला आहे. १९५८ पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांना तेथे जमीन आणि पैसा देण्यात आला, पण जमीन परकी, पाऊस परका, जवळ बाजार नाही. १९७८ साली हजारो कुटुंबे ते सोडून सुंदरबनात निघून गेली आणि पुढच्या वर्षी मरिचझांपीतून त्यांना बळाने हुसकावण्यात आले. उल्हासनगरला मुंबईचा बाजार लोकलच्या अंतरावर होता. तेव्हा कल्याणावरचा खर्च फळतो तो संधीच्या शेजारी, हे मान्य करू आणि ते मान्य करून मुंब्र्याला उतरू.

मुंब्रा आणि कौसा ही खाडीकाठची, पारसिकच्या डोंगराखालची जुनी गावे. १९८२ साली ठाणे महापालिका झाली तेव्हा ती तिच्यात आली. १९९१ च्या सुमारास येथील वस्ती पन्नास हजारांच्या आत होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने नऊशे मृत्यूंची नोंद केली, त्यांपैकी ५७५ मुसलमान होते. त्यानंतर मिश्र वस्त्यांतली मुसलमान कुटुंबे भांडीकुंडी टेंपोत घालून मुंब्र्याला येऊ लागली. वीस वर्षांत वस्ती काही लाखांवर गेली.

ही माणसेही उखडलेलीच होती. त्यांच्यातही शिंपी होते, जरीवाले होते, सुतार होते, मास्तर होते. मुंबईचा बाजार त्यांनाही लोकलच्या अंतरावर होता. म्हणजे दंडकारण्यात जे नव्हते ते सर्व येथे होते. नव्हती ती फक्त छावणी. कुणी गव्हर्नर जनरल आला नाही, बराक मिळाली नाही, भरपाईचा कायदा झाला नाही. मुंबईतली खोली मिळेल त्या भावाने विकून लोकांनी बिल्डरकडून फ्लॅट घेतले. बऱ्याच इमारतींना परवानगी नव्हती, आणि परवानगी नसलेल्या इमारतीतल्या घरावर बँक कर्ज देत नाही. शिवाय काही बँकांनी मुसलमान वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवल्याचे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात लिहून ठेवले आहे. उल्हासनगरच्या खोलीचा कागद भांडवल झाला, मुंब्र्याचा फ्लॅट नुसते डोक्यावरचे छत राहिला, आणि तेही भरवशाचे नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यांत मजूर होते, त्यांची लेकरे होती.

बेकायदा इमारती उल्हासनगरातही शेकड्यांनी उभ्या राहिल्या होत्या. २००५ साली उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितले तेव्हा विधिमंडळाने २००६ मध्ये त्या एका शहरासाठी स्वतंत्र कायदा करून बांधकामे नियमित करण्याची वाट काढली. ज्या वस्तीशी सरकारचे नाते पहिल्या दिवसापासून असते, तिच्या चुकांनाही पुढे वाट सापडते. सच्चर अहवालानंतर केंद्राने अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी योजना आखली. देशातल्या ९० जिल्ह्यांत महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, बुलढाणा आणि वाशिम होते. ठाणे नव्हते. मोजमाप जिल्ह्याचे असल्यामुळे मुंब्र्याचे लाखो लोक भल्या मोठ्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत विरघळून गेले.

येथवर सरकारला बोलून झाले, आता आपल्याबद्दल बोलायला हरकत नाही. मुंब्र्यात जे उभे राहिले त्यातले पुष्कळ समाजाने उभे केले. शाळा, कॉलेज, धर्मादाय दवाखाना. रमजानात येथून किती जकात निघते याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण ती थोडी नाही. मात्र जकातीचे हकदार कुराणाने आठ प्रकारचे ठरवून दिले आहेत, आणि आपल्याकडचे बहुतेक उलेमा सांगतात की जकात गरजू माणसाच्या हाती, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते. त्यातून एखाद्या यतीम मुलीची फी भरता येते, विधवेचे भाडे भरता येते. गल्लीतले गटार बांधता येत नाही, पाण्याची पाइपलाइन टाकता येत नाही. ते काम एक तर कराच्या पैशाचे, नाही तर वक्फचे आणि लिल्लाह रकमेचे. आमच्या पूर्वजांनी विहिरी, तलाव आणि मुसाफिरखाने वक्फ केले होते. आम्ही लिल्लाहची रक्कम बहुतांशी मिनारांवर आणि संगमरवरावर घातली, आणि कर भरून त्याचा जाब विचारायला फार उशिरा शिकलो. उल्हासनगरच्या पहिल्या पिढीने अर्ज लिहिण्यात आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यात जी वर्षे घालवली, ती आमच्या पहिल्या पिढीने दंगलीच्या कोर्टकज्जांत, बेपत्ता नातलगांच्या शोधात आणि बिल्डरच्या दारात घालवली. दुसरी पिढी आता नगरसेवकाला विचारते की आमच्या वॉर्डात किती रुपये आले. तिच्या हातात माहितीच्या अधिकाराचा अर्ज असतो आणि तो बहुधा मुलीच्या अक्षरात लिहिलेला असतो.