वाहनतळ : एका शब्दाचा आणि एका मालकीचा इतिहास

'वाहनतळ' हा शब्द आपण महापालिकेच्या पाट्यांवर वाचतो आणि बोलताना मात्र 'पार्किंग' म्हणतो. हे दोन शब्द क्षणभर शेजारी ठेवून पाहिले, तर आजच्या नागरी जीवनातील एका वादाचे मूळ त्यांच्यात सापडते. वाद असा : दिवसभर रिकामी राहणारी खासगी पार्किंगची जागा एखाद्याने परक्याला तासांच्या हिशेबाने वापरायला दिली, तर तो नेमके काय देत असतो? जमीन, वेळ, की मुळात त्याचे नसलेलेच काही?

इंग्रजीतील 'पार्क' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. शिकारीच्या जनावरांसाठी कुंपण घालून राखलेले रान, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे लष्कराने तो उचलला आणि तोफा व गाडे ओळीने लावून ठेवण्याच्या जागेला पार्क म्हटले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉशिंग्टन शहरात 'पार्किंग' म्हणजे रुंद रस्त्यांच्या कडेने राखलेले गवताचे आणि झाडांचे पट्टे. मोटार आल्यावर हा हिरवा अर्थ मागे पडला. मराठीतील 'तळ'ही लष्करी वापरातला आहे; पण त्याचा भाव वेगळा. सैन्याचा तळ पडतो आणि उठतो. तळाखालची जमीन सैन्याच्या मालकीची होत नाही. एका शब्दात कुंपण आहे, दुसऱ्यात मुक्काम. पार्किंगचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा या दोन कल्पनांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

१६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे पार्किंगचे पहिले मीटर बसले. त्यामागे कार्ल मॅगी या वृत्तपत्र-संपादकाचा पुढाकार होता. बाजारपेठेतील रस्त्यांच्या कडा तेथे काम करणाऱ्यांच्याच मोटारींनी दिवसभर अडून राहत आणि गिऱ्हाइकांना जागा मिळत नसे. पाच सेंटचे नाणे टाकले की तासभर जागा आपली. या यंत्राने जागा विकली नाही, जागेचा काळ विकला. तळ केव्हातरी उठलाच पाहिजे, हे तत्त्व त्याने नाण्याच्या भाषेत सांगितले.

याच्या नेमकी उलट वाट बांधकामाच्या नियमांनी धरली. ओहायोतील कोलंबस शहराने १९२३ मध्ये निवासी इमारतींना ठरावीक प्रमाणात पार्किंग सक्तीचे केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अशा नियमांची अमेरिकेत लाट आली. डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' या ग्रंथात या धोरणाचा सविस्तर समाचार घेतला. फुकट दिसणाऱ्या पार्किंगची किंमत घरभाड्यात, जेवणाच्या बिलात, कापडाच्या दरात मिसळलेली असते. म्हणजेच मोटार नसलेला माणूसही ती भरत असतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. शिवाय मोटार आपल्या आयुष्यातील सुमारे ९५ टक्के काळ उभीच असते आणि तिच्यासाठी घरी, कचेरीत, दुकानापाशी अशा अनेक जागा राखाव्या लागतात. ती एका ठिकाणी उभी असते तेव्हा उरलेल्या जागा ओस असतात.

जपानने तिसरी वाट शोधली. १९६२ च्या कायद्याने रस्त्याचा मोटार ठेवण्याची कायमची जागा म्हणून वापर निषिद्ध ठरवला आणि मोटार घेणाऱ्याने रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला देणे आवश्यक केले. ती जागा स्वतःच्या मालकीची असण्याची अट नव्हती, भाड्याची चालत असे. त्यामुळे दोन घरांमधील चिंचोळ्या तुकड्यांनाही मोल आले आणि ते महिन्याच्या बोलीने भाड्याने जाऊ लागले. महिन्यावरून दिवसावर आणि तासावर येणे ही पुढची स्वाभाविक पायरी होती. लंडनमध्ये २००६ साली सुरू झालेल्या आणि पुढे 'जस्टपार्क' या नावाने ओळखल्या गेलेल्या सेवेने, तसेच ओसाका येथील 'अकिप्पा'ने २०१४ पासून, घरापुढच्या रिकाम्या जागा अनोळखी माणसांना थोड्या वेळासाठी मिळवून देण्याचा व्यवहार रूढ केला. 'अकि' म्हणजे रिकामे.

या व्यवहाराची मर्यादाही लवकरच स्पष्ट झाली. सॅन फ्रान्सिस्कोत एका अॅपद्वारे वाहनचालक रस्त्यावरील सार्वजनिक जागा सोडता सोडता तिचा लिलाव करू लागले, तेव्हा जून २०१४ मध्ये शहराच्या विधी-अधिकाऱ्यांनी त्यावर हरकत घेतली. स्वतःच्या अंगणातील जागा देणे ही वाटणी. सर्वांच्या रस्त्यावरील जागा विकणे ही नव्हे. वरकरणी दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात, आणि म्हणूनच मालकीचा प्रश्न आधी विचारावा लागतो.

हा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नहालचंद लालूचंद या बांधकाम कंपनीचे पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेविरुद्धचे अपील ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकालात निघाले. महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका-मालकीविषयक कायद्यानुसार इमारतीच्या खांबांमधील किंवा मोकळ्या आवारातील पार्किंगची जागा स्वतंत्र सदनिकेसारखी विकता येत नाही, ती सामाईक क्षेत्राचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानेही उघड्या पार्किंगची गणना सामाईक क्षेत्रातच केली.

या निर्णयाचा अर्थ पुरता उमजला, तर मुंबई-पुण्यातील 'माझे पार्किंग' हा शब्दप्रयोगच डळमळतो. अशा जागेवर सभासदाला असतो तो वापराचा हक्क. मग ती जागा दुपारी परक्याला देऊन मिळणारे भाडे एकट्या सभासदाचे, की संपूर्ण संस्थेचे? आणि संस्थेतील ज्या कुटुंबाकडे वाहनच नाही, त्याचा या सामाईक भूमीवरील वाटा कोणत्या रूपात परत मिळायचा? वाटणीची कल्पना कितीही उदार भासली, तरी या प्रश्नांना बगल देऊन केलेली वाटणी म्हणजे सामाईक वस्तूचे खासगी उत्पन्न होय.

यावरून जागा रिकाम्याच ठेवाव्यात असा निष्कर्ष निघत नाही. एकच जागा रात्री रहिवाशाला आणि दिवसा दवाखान्यात आलेल्या माणसाला उपयोगी पडत असेल, तर तेवढी जमीन डांबराखाली जाण्यापासून वाचते, आणि शहरात ही बचत लहान नव्हे. मात्र त्यासाठी जागेकडे कुंपण घातलेले रान म्हणून न पाहता तळ म्हणून पाहावे लागेल. आपल्या भाषेने तो शब्द पाटीवर लिहून ठेवलाच आहे. तळाचा अर्थ असा की आज आपण उतरलो, उद्या दुसरा उतरेल, आणि जमीन दोघांच्याही आधी व नंतर सर्वांची असेल.